बोर्डावरची गोचीड

यूपीएस ओरडत होता म्हणून मी त्याचं बटण दाबलं आणि तो गप्प झाला. चूक म्हणाल तर एवढीच. पण ती सांगताना जरा मागून सुरुवात करावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस मुळातच बिनडोक आहे. तसं नाही. त्या दिवशी मी फार सांभाळून वागत होतो.

बायको घरी भरतकामाच्या ऑर्डरी घेते. पुढच्या खोलीत तिचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे. ब्लाउजच्या बाह्या, गळे, साडीचे काठ. नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढायची, टाका न् टाका बसवायचा, मग मशीन ती कापडावर उतरवतं. मशीन बऱ्यापैकी नवीन आहे. कॉम्प्युटर मात्र जुना. चालू केला की चहा होऊन पिऊन झाला तरी उघडत नाही. मला ते बघवत नव्हतं. कॉम्प्युटर तिचा, वाट बघणारी ती, चहाही तीच करणार, पण बघवत मला नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की त्यात नवीन वेगवान डिस्क घालू. डिस्क आणली. मोबाईलवरचे व्हिडिओ बघितले. एकाने सांगितलं की आतला बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, जुना असेल तर आधी बायोस अपडेट करा. बायोस म्हणजे कॉम्प्युटरला जाग आली की त्याने सगळ्यात आधी वाचायचा मजकूर. मी कोण, माझ्या अंगाला काय काय जोडलंय, पुढे कुणाला उठवायचं, हे त्यात असतं. ते पुसलं गेलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण माणूस जागा होत नाही.

"चालतंय ना? मग कशाला हात लावताय?" बायको म्हणाली होती.

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या पाच मिनिटांवर ती काही बोलत नाही. पिशवी घेऊन कापड बाजारात रिळं आणायला निघून गेली.

मी तयारी केली. लाईट जाऊ शकते, म्हणून यूपीएस आधीपासून चार्ज करून ठेवला. शेजारी ग्रिलचं काम चाललं होतं, तिथल्या वेल्डिंगवाल्याला जाऊन सांगून आलो की बाबा, थोडा वेळ थांब. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हणालो, ऑपरेशन आहे. त्याने टोपी काढली आणि खरंच थांबला.

अपडेट सुरू झालं. पडद्यावर अक्षरं आली की कॉम्प्युटर बंद करू नका. मी ती दोनदा वाचली. मग पडदा काळा झाला, तेही व्हिडिओत सांगितलेलं होतं. मी हाताची घडी घालून बसलो. तेवढ्यात गेटवर गॅसवाला ओरडला.

आता माझं काम काय, ते सांगायला हवं. मी नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीला आहे. आमच्याकडे शाफ्ट बनतात, मी त्यांची मापं घेतो. त्या शॉपच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटने लिहिलंय, 'जागा सोडताना मशीन बंद करा.' ते अक्षर माझं आहे. शॉपमध्ये सुवाच्य अक्षर माझंच, म्हणून ब्रश माझ्या हातात दिला होता. इतकी वर्षं ते वाक्य रोज समोर. हात आपोआप जातो.

गॅसवाला ओरडला, मी उठलो, आणि उठता उठता भिंतीवरचं बटण बंद केलं.

यूपीएसने आपलं काम चोख केलं. कॉम्प्युटर चालू ठेवला आणि ओरडायला लागला. दारात सिलिंडर, गॅसवाला ओटीपी मागतोय, मोबाईल सापडत नाहीये, आणि मागून हे टीं टीं टीं. मी परत फिरलो, वाकलो, आणि त्याचं बटण दाबून धरलं. गप्प झाला. मग शांतपणे ओटीपी दिला, सिलिंडर स्वयंपाकघरात नेला, वजन बघितलं, वॉशर बघितला. गॅसवाल्याला पाणीसुद्धा विचारलं.

परत पुढच्या खोलीत आलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे इतकं शांत कसं?

बायको आली तेव्हा मी सगळी बटणं परत चालू करून कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. पंखे फिरत होते.

"झालं का पाच मिनिटांचं?"

"चाललंय."

"पडदा काळा का आहे?"

"असतो काळा."

तिने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, यूपीएसकडे बघितलं. "बंद केलात ना?"

ती खुर्चीत बसली आणि तिने टेबलावरची एक पुडी उघडली. त्यात पांढरं रेशमी कापड होतं, घडीवर पिवळसर झालेलं. तेव्हा मला नीट कळलं की मी काय बंद केलंय.

देवळाली प्रवराची एक बाई ते घेऊन आली होती. तिच्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी होतं. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. बाईने स्वतःच्या लग्नातली साडी जपून ठेवली होती, तीच मुलगी नेसणार होती. साडीच्या काठावर पांढऱ्या दोऱ्याने पिंपळपानं भरलेली, हाताची, जुनी. ब्लाउज मात्र विरून गेला होता. पदरामागचं थोडं कापड काढून तिने ब्लाउजसाठी दिलं होतं आणि म्हणाली होती, काठासारखीच पानं बाह्यांवर पाहिजेत. कापड तेवढंच. चुकलं तर दुसरं नाही. बायकोने काठाचा फोटो घेऊन पानांची नक्षी कॉम्प्युटरवर बसवायला घेतली होती. अर्धी झाली होती.

"डिस्क तर ठीक आहे," मी म्हणालो. "तुझी नक्षी आत आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू."

"आणि उघडू कशात? ते सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरवर चालतं. दुसऱ्यावर टाकलं की नोंदणी नाही म्हणतं. घेताना तुम्हीच मला समजावून सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. दहा-पंधरा मिनिटं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने लावून बघितला, मान हलवली. "बोर्ड बदला, काका."

"बोर्ड बदलला तर सॉफ्टवेअर चालणार नाही."

"मग बायोसची चिप परत लिहून घ्यावी लागेल. पुण्याला पाठवतो. येईल आठ-दहा दिवसांत."

लग्न त्याच्या आत होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की बोर्ड नवा तर परवाना नवा. मी कॉम्प्युटर परत घरी आणला. येताना रिक्षात तो मांडीवर होता. रिक्षावाला म्हणाला, "काका, बिघडलाय का?" म्हटलं, नाही रे, फिरायला आणलाय.

चिप लिहायचं यंत्र ऑनलाईन मिळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. अंगठ्याएवढी हिरवी पट्टी, एका टोकाला पेनड्राइव्हसारखी यूएसबी, दुसऱ्या टोकाला वायर आणि वायरीच्या शेवटी एक चिमटा. हॉटेलात दोघं जेवायला गेलो तर याहून जास्त बिल होतं. मागवलं. ते येईपर्यंतचे दिवस बायकोने फॉल-बिडिंगचं काम केलं आणि माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. देवळालीच्या बाईचा फोन येऊन गेला. आवाज स्पीकरवर होता.

"ताई, घाई न्हाई हो माझी. पन पोरगी रोज इचारती, ब्लाउज आला का. मी म्हनते येईल. येईल ना?"

"येईल," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पार्सल आलं त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. मुलगी पुण्याला शिकायला आहे, तिचा जुना लॅपटॉप घरी होता. त्याला यंत्र जोडलं. कॉम्प्युटरचं पोट उघडलं, सगळ्या वायरी काढल्या, नाण्याएवढा सेलही काढला. आणि चिप शोधायला लागलो.

मी मूळचा कर्जतकडचा. लहानपणी घरी गाई होत्या. गाईच्या कानामागे गोचिडी असतात, त्या चिमट्याने काढायचं काम आम्हा पोरांकडे. काळी, गोल पाठीची, आठ पायांची गोचीड. बोर्डावर ती चिप बघितली आणि मला कानामागची गोचीडच आठवली. तेवढीच, तशीच काळी, बरोबर आठ पाय, बोर्डाला घट्ट धरून बसलेली. फरक इतकाच की गोचीड काढायची असते आणि हिला काढायचं नव्हतं. चिमट्याने तिचे आठही पाय एकदम धरायचे आणि तिच्याशी बोलायचं.

व्हिडिओतल्या पोराने एक इशारा दिला होता की काही स्वस्त यंत्रं चिपला पाहिजे त्यापेक्षा जास्त विजेचा दाब देतात आणि चिप जळते. घरात मीटर होता, त्याने तपासलं. चिपला सोसेल एवढाच दाब निघाला. आयुष्यात कधी नव्हे ते काम सुरू करण्याआधी मोजलं. सवय वर्कशॉपची, घरी पहिल्यांदाच वापरली.

मग वाचायला घेतलं. आधी चिपमधलं जुनं जे काही उरलंय ते वाचून जपून ठेवायचं, मग पुसायचं, मग नवीन लिहायचं. व्हिडिओतला पोरगा म्हणाला, जुनं तसंही खराबच आहे, थेट पुसा. मला ते पटलं नाही. आमच्याकडे शाफ्ट नाकारला तरी आधी त्याचं माप लिहून ठेवतात, मग भंगारात जातो. का, ते कुणी विचारत नाही. लिहून ठेवतात.

पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. दोन्ही जुळेनात. तिसऱ्यांदा वाचलं, ते पहिल्या दोन्हींहून वेगळं. दोन मापं जुळेपर्यंत शिक्का मारायचा नाही, हे माझं रोजचं काम. इथे तर प्रत्येक वेळी शाफ्टची जाडी बदलत होती.

चिमटा नीट बसत नव्हता. चष्म्याच्या वरून बघावं तर धूसर, खालून बघावं तर मान वाकडी. एक पाय धरला की दुसरा सुटायचा. मी घामाघूम होऊन पुटपुटत होतो.

बायको दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"काय बसत नाहीये?"

"चिमटा."

"सरका."

तिने मशीनवरचा भिंगाचा दिवा ओढून बोर्डावर आणला. "लाल वायर कुठं पाहिजे?"

"चिपच्या कोपऱ्यात एक ठिपका असेल. त्याच्या बाजूला."

"ठिपका या बाजूला आहे. तुम्ही उलटा लावत होतात."

मी म्हणालो की एवढा वेळ तो सुलटाच होता, आत्ताच फिरला असेल. तिने उत्तर द्यायची गरज समजली नाही. उलटा लागला तर चिप जळू शकते हेही मी तेव्हा सांगितलं नाही, कारण त्याने कुणाचाच हात स्थिर राहिला नसता.

तिने चिमटा एका फटक्यात बसवला आणि अंगठ्याने वरून दाबून धरला, फ्रेममध्ये कापड ताणून धरतात तसा. "वाचा आता."

वाचलं. परत वाचलं. दोन्ही जुळली. ती फाइल 'जुनं' नावाने ठेवली.

"अजून किती वेळ धरू?"

"पुसायचंय, लिहायचंय, मग परत तपासायचंय."

"म्हणजे पाच मिनिटं," ती म्हणाली. अंगठा हलवला नाही.

बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून घेतलेलं नवीन बायोस लिहिलं. पट्टी सरकत होती. त्यात बेल वाजली. मी अर्धा उठलो होतो.

"बसा," बायको म्हणाली. बोर्डावरून नजर न काढता. बेल दोनदा वाजली आणि जो कुणी होता तो निघून गेला. कोण होतं ते अजून कळलेलं नाही.

लिहून झालं, जुळवून बघितलं, चिमटा काढला, सेल घातला, वायरी लावल्या. बटण दाबायच्या आधी मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "दाबा की. बंद करताना विचारत नाही तुम्ही."

पडदा उजळला. कंपनीचं चिन्ह आलं. मी टाळी वाजवली, एकट्यानेच. कॉम्प्युटर नेहमीसारखा सावकाश उघडला आणि त्या दिवशी तो सावकाशपणा मला फार आवडला. बायकोने भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडलं.

'या संगणकावर नोंदणी नाही,' अशा अर्थाची एक चौकट आली.

तिने ती बंद केली, परत उघडली. तीच चौकट. मग ती उठली, पांढरं कापड घेतलं, गोल फ्रेम घेतली आणि पेन्सिलीने कापडाच्या कडेला एक पान काढायला लागली.

"हे काय करतेस?"

"हाताने भरते. जेवढी होतील तेवढी. एका बाहीवर तरी."

तिला हाताचं भरतकाम येतं, उत्तम येतं. पण दोन बाह्या, पांढऱ्यावर पांढरं, लग्न रविवारी. मी काही बोललो असतो तर ती रडली असती किंवा मी. म्हणून मी वळलो आणि बोर्डाकडे बघत बसलो.

बोर्डाच्या कडेला एक स्टिकर आहे. त्यावर बोर्डाचा नंबर. आमच्या शॉपमध्ये प्रत्येक मशीनला पितळी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर मशीनचा नंबर असतो. सर्व्हिसवाला आला की आधी ती बघतो, मगच मशीनला हात लावतो. मला वाटलं, हा सॉफ्टवेअरवालाही पट्टीच बघत असेल. पण तो काही स्टिकर वाचायला येत नाही, त्याला नंबर आतून दिसत असणार. कॉम्प्युटरलाच त्याचा नंबर विचारला. नंबराच्या जागी काही नव्हतं. कोरं.

कंपनीचं बायोस सगळ्या बोर्डांसाठी एकच. त्यात कुणाचाच नंबर नाही. पट्टी मी पुसली होती.

आणि मग 'जुनं' आठवलं.

लॅपटॉपवर ती फाइल उघडली. नुसती अक्षरं आणि आकडे, मुंग्यांसारखे. त्यात स्टिकरवरचा नंबर शोधायला लावला. सापडला. अर्धवट अपडेटचा हात तिथवर पोचला नव्हता. तिथेच आजूबाजूला आणखी काही ओळखीच्या खुणा होत्या. नवीन फाइलमध्ये नेमकी तेवढीच जागा मोकळी. तो तुकडा जुन्यातून उचलून नव्यात त्याच जागी ठेवला. फाइलचा आकार एका अक्षरानेही बदलला नाही ना, ते बघितलं. परत बघितलं.

"अगं, जरा अंगठा दे."

ती फ्रेम घेऊनच आली. एका पानाची अर्धी बाजू भरून झाली होती. फ्रेम टेबलावर ठेवली, चिमटा बसवला. ठिपका आधी बघितला. लिहिलं, तपासलं, जोडलं, चालू केलं. नंबराची जागा भरलेली दिसली. तिने सॉफ्टवेअर उघडलं.

चौकट आली नाही. आली ती पिंपळपानं, अर्धी.

ती लगेच खुर्चीत बसली आणि उरलेली पानं बसवायला लागली. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "उजेडात उभे राहू नका."

देवळालीची बाई शनिवारी आली. तिने साडी बरोबर आणली होती. काठ बाहीच्या शेजारी धरून ती खिडकीपाशी गेली, उलटसुलट करून बघितलं. बायको माझ्यासारखीच श्वास धरून उभी होती.

"माझ्या काठावरचं पान उचलून ठिवल्यागत दिसतंय," बाई म्हणाली. मग एका पानावर बोट ठेवलं. "ह्ये एक येगळं हाय का?"

ते हाताने अर्धं भरलेलं पान होतं. बायकोने ते उसवलं नव्हतं, उरलेली बाजूही हातानेच भरली होती.

"ते मशीन बंद होतं तेव्हाचं आहे," बायको म्हणाली.

"लई भारी झालंय. तेच आईच्या पानासारखं वाटतंय. माझ्या आईनंच भरला हुता ना ह्यो काठ." बाई घडी घालत म्हणाली. माझ्याकडे वळली. "लग्नाला या. तुमीबी दमला असाल."

मी नम्रपणे म्हणालो की माझं त्यात फारसं काही नाही. बायकोला ते पटलेलं दिसलं.

लग्नाला गेलो. नवरी पांढऱ्या साडीत हात जोडून उभी होती, बाह्यांवर पानं. बायको जेवणाच्या पंगतीतही तिच्या बाहीकडेच बघत होती, मी जिलेबी दोनदा वाढून घेतली तरी तिला कळलं नाही.

त्यानंतर नातेवाइकांत बातमी पसरली की मी मेलेले कॉम्प्युटर उठवतो. आता कुणाकुणाचे बोर्ड येतात. दोन उठले. एका मेहुण्याचा उठला नाही, उलट आधी निदान पंखा तरी फिरायचा असं त्याचं म्हणणं आहे. ते यंत्र मी साबणाच्या डबीत ठेवतो. प्रत्येक वेळी आधी जुनं वाचून ठेवतो, दोनदा, आणि चिमटा बसवायला बायकोला हाक मारतो. ती येते, ठिपका बघते आणि बहुतेकदा चिमटा फिरवून लावते.

आणलेली वेगवान डिस्क मात्र अजून खोक्यातच आहे. मध्ये एकदा मी तो विषय काढला होता, तर तिने कात्री खाली ठेवली. मीही विषय खाली ठेवला.

परवाच्या सुट्टीला ती नवीन ऑर्डरच्या नक्षीत गढली होती, मशीन चालू होतं, मी शेजारी पेपर वाचत होतो. गेटवर गॅसवाला ओरडला. मी पेपर बाजूला ठेवला आणि उठायला लागलो. हात कुठे निघाला होता ते माझं मलाही माहीत नाही. तिने खुर्ची मागे सारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत खाली बसवलं.

"सिलिंडर मी घेते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ओटीपी ओरडा. बसल्या जागेवरून."